हिराच्या टोकावरून सुटेल तेवढंच

काकी बंदुकीला तेल लावायला बसल्या की घरात कुणी शिंकायचं नाही, असा नियम होता. घरात माणसं दोनच, त्या आणि मी. म्हणजे नियम माझ्यासाठीच. एकदा अशीच शिंक आली तेव्हा मी नाक दाबून मागच्या दाराने विहिरीपर्यंत पळत गेले आणि तिथे शिंकले. परत आले तर काकी मान वर न करता म्हणाल्या, "ऐकू आली हो. पण लांबून आली म्हणून माफ."

बंदूक छऱ्यांची होती. नळी मधे मोडायची, आत बारीकसा छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. त्यात दारू नसते. आतली स्प्रिंग हवा दाबते, हवा छऱ्याला ढकलते, एवढाच कारभार. काकींच्या यजमानांनी ती घेतली होती. ते बोटीवर इंजिनात तेलवाले होते. मोठाल्या यंत्रांच्या सांध्यांत तेल घालत घालत सगळी दुनिया फिरले, आणि दुनियेतलं काय बघितलंत विचारलं तर म्हणायचे, "इंजिन." मी कामाला लागले त्याच्या आधीच ते गेले होते. पण त्यांचं एक वाक्य काकी श्लोकासारखं म्हणायच्या: "बोट पाण्यावर नुसती तरंगते, चालते ती तेलावर."

मी चौथीपर्यंत शिकलेली. नवरा मुंबईला कामाला, आणि मी खालच्या वाडीत सासूबाईंपाशी. काकींकडे झाडलोट, आंब्याच्या कलमांना पाणी, कोकमाचे रातांबे फोडणं, असलं पडेल ते काम करायची. पहिल्या दिवशी काकींनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, पण ते माझ्याच पदरात पडलं, बाहेर काही गेलं नाही. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली, तोंडात बघितलं, आणि म्हणाल्या, "जीभ आहे की. मग सांधा गंजलाय. बघू, तुला कुठलं वंगण लागतं ते."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंना तसं सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "फिरलंय तर फिरलंय. चांगल्या बाजूला फिरलंय."

काकींच्या स्वयंपाकघरात फोडणीचं तेल एक आणि बंदुकीची तेलं फळीभर. तंबाखूच्या जुन्या डब्यात काकांनी बोटीवरून आणलेलं काळं ग्रीस होतं. ते इतकं काळं की डबा उघडला की खोलीत अंधार झाल्यासारखं वाटायचं. शिलाई मशीनच्या तेलाची चोचवाली बाटली होती, करंजाचं तेल होतं, उंडीचं तेल होतं. रातांब्याच्या बियांचं मुठेल होतं, ज्याचे घट्ट गोळे आपण पायाच्या भेगांना लावतो. प्रत्येक तेलाची काकी परीक्षा घ्यायच्या. अंगठा आणि बोट यांच्यात थेंब धरायचा, कानाशी नेऊन चोळायचा आणि डोळे मिटायचे.

"तेल बोलतं गो," त्या म्हणायच्या.

एकदा माझ्या बोटांवर थेंब सोडून त्यांनी माझाच हात माझ्या कानाशी नेला. "काय म्हणतंय?"

मी खूप ऐकलं. "काहीच नाय."

"मग चांगलं आहे. चांगलं तेल गप्प असतं." मग माझा हात सोडून म्हणाल्या, "तुझ्यासारखं."

माझी अशी स्तुती त्याआधी कुणी केली नव्हती. त्या दिवशी मी कलमांना दुप्पट पाणी घातलं.

पण हे सगळं ज्ञान त्यांना काही आपोआप आलं नव्हतं. काकांनी स्प्रिंगचं ग्रीस शिकवलं आणि पुढचं शिकवायच्या आत गेले. बंदुकीच्या पोटात चामड्याची चकती असते, वॉशर म्हणतात तिला. ती मऊ राहिली तर हवा धरते, सुकली की पापड होते. त्या चकतीला काय लावायचं ते काका सांगून गेले नव्हते. काकींनी विचार केला, चामडं म्हणजे कातडीच की, आणि कातडीला कोकणात काय लावतात? खोबरेल. माझ्या पहिल्याच थंडीत त्यांनी वॉशरला खोबरेल पाजलं. दोन दिवस बंदूक अशी वाजली की काकी स्वतःवरच खूश. मग पौषातल्या एका गार सकाळी कलमांचा मोहोर खायला वांदर आले, काकींनी ऐटीत चाप ओढला, आणि बंदूक "फुस्स" म्हणाली. आत खोबरेल गोठलं होतं. दगडी गडग्यावरचा वांदर उठलासुद्धा नाही. त्याने काकींकडे बघून पाठ खाजवली.

"पडसं झालंय तिला," काकी म्हणाल्या. त्यांनी बंदूक सुपात घालून दारापुढच्या खळ्यात उन्हाला ठेवली आणि वर आपली शाल पांघरली. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारायची, "काकी, बाळ कुणाचं?" काकी सांगायच्या, "माझंच. सर्दी झालीय."

मग मुठेल झालं. भेगा भरतात तर वॉशर का भरणार नाही, हा हिशेब. पण मुठेल खोबरेलाहून घट्ट. तेव्हा तर नळीच मोडेना. काकी म्हणाल्या, "पोटुशीसारखी जड झालीय." मला इतकं हसू आलं की मी पुन्हा विहिरीपर्यंत पळाले.

शेवटी मुंबईच्या भाच्याने एक बाटली पाठवली. तेल पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही, रंग नाही, थंडीत गोठत नाही. फोनवर त्याने नाव सांगितलं, सिलिकॉन. काकींनी ऐकलं, शिळीकोन. त्या म्हणाल्या, "शिळी कोण ते माहीत नाय, पण तेल ताजं आहे." तेव्हापासून आमच्या घरात तेलाची मांडणी ठरून गेली. नळी मोडते त्या सांध्याला दाट तेल, स्प्रिंगला काळं ग्रीस पुसट, वॉशरला शिळीकोन, आणि खाऱ्या हवेने गंज धरू नये म्हणून बाहेरून तेलाचं फडकं. मशीनचं तेल फळीवर असायचं ते फक्त दाराच्या बिजागऱ्यांसाठी. ते बंदुकीच्या पोटात जायचं नाही. का, ते काकी सांगायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "तेल कमी तर कुरकुर, जास्त तर धूर." कुरकुर मला कळायची. तेलाचा आणि धुराचा काय संबंध ते काही कळायचं नाही.

वॉशरला तेल घालायचं माप म्हणजे हीर. माडाच्या झावळीचा एक हीर, म्हणजे पातीमधली कडक काडी, काढून काकी तो शिळीकोनात बुडवायच्या आणि बंदुकीच्या भोकावर उभा धरायच्या. टोकावरून आपण होऊन जेवढं सुटेल तेवढंच. हीर झटकायचा नाही, वर बोट मारायचं नाही. कधी कधी थेंब सुटायला इतका वेळ लागायचा की आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. सुटला की काकी म्हणायच्या, "जेवली." मग आम्ही चहा प्यायचो.

हे रविवारी चालायचं. कारण शनिवार मारुतीचा. शनिवारी काकी देवळात जाऊन मारुतीवर तेल घालायच्या आणि त्याच्याशी भांडायच्या. "तुझीच पोरं आहेत, माहीत आहे मला. पण तुझं ऐकत नाहीत त्याला मी काय करू? मोहोर खातात, कैऱ्या अर्ध्या खाऊन टाकतात. अंगाला नाय लावणार मी, शब्द आहे माझा. नुसता आवाज करीन." आणि तो शब्द त्यांनी पाळला. फणसाच्या फांदीला त्यांनी एक जुना पत्रा टांगला होता. पडवीतून नेम धरून छर्रा त्या पत्र्यावर मारायच्या. ठण्ण! त्या ठण्णने कलमांवरचे सगळे वांदर गडगा ओलांडून पलीकडे. "नुसती रिकामी का नाय मारत?" असं मी एकदा कसंबसं विचारलं, तर म्हणाल्या, "रिकामी मारली की आत आपटते ती. माणसाचं पण तसंच असतं. रिकामं ओरडलं की स्वतःलाच लागतं."

पावसात बंदूक चुलीवरच्या दांडीला, सुक्या बोंबलांच्या शेजारी टांगायची. तिथे कोरडं राहतं. पण त्यामुळे गणपती येईपर्यंत बंदुकीला बोंबलाचा असा वास लागायचा की काकी ती खांद्यावर टाकून निघाल्या की मागून वाडीतली मांजरं रांगेने चालायची. एकदा पोस्टमन म्हणाला, "काकी, फौज बरोबर आहे वाटतं." काकी म्हणाल्या, "होय. पगार बोंबलात देते."

माणसंसुद्धा काकी तेलावरून ओळखायच्या. किराणा दुकानदार गोड गोड बोलायचा, तो "फार तेलकट, हातातून सटकतो." त्यांची एक जाऊ कुणाशी बोलायची नाही, ती "आतून गंजलीय, आता घासायची वेळ गेली." भाचा म्हणजे "चांगला आहे हो, पण मापाचा नाय. प्रेम करायला बसला की डबा पालथा करतो." आणि मी? "वॉशर उत्तम आहे हिचा. सुकलाय. एक थेंब कुठून तरी मिळायला हवा."

तो भाचा दर शिमग्याला गाडी घेऊन यायचा आणि दर वर्षी एकच विषय काढायचा. "आत्या, आता पुरे. माझ्याकडे चल. खोली तयार आहे, बाल्कनी आहे."

"बाल्कनीत वांदर येतात?"

"नाही गं."

"मग तिथे मी घाबरवू कुणाला?"

त्या वर्षी मात्र त्याने सोडलं नाही. आधीच्या पावसाळ्यात काकी खळ्यातल्या शेवाळावरून पडल्या होत्या. हाड वाचलं, पण महिनाभर लंगडत होत्या. ते त्याला कुणीतरी फोन करून सांगितलं होतं. तो काकींच्या समोर पाटावर बसला आणि म्हणाला, "एकदा तारीख सांग. कधी येणार?"

काकी बंदूक पुसत होत्या. फडकं थांबवून म्हणाल्या, "ऐक तर मग. ही बंदूक ज्या दिवशी अडेल, त्या दिवशी मी मुकाट तुझ्या गाडीत बसेन. काकांच्या बंदुकीची शपथ."

"उद्या सकाळी बघू?"

"बघ की."

मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी तव्याऐवजी निखाऱ्यात पडली. काकी शपथ मोडायच्या नाहीत हे मला माहीत होतं. मारुतीला दिलेला शब्द पाळणारी बाई ती. आणि त्या गेल्या तर मी दिवसभर कुणाबरोबर गप्प बसायचं? घरी गप्प बसणं वेगळं असतं. तिथे माझ्या गप्प बसण्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. इथे काकी त्याच्याशी बोलायच्या.

सकाळी मी उजाडल्यावर लगेच आले. काकी अंघोळ करून तयार. जरीची जुनी साडी नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. मी बघतच राहिले. "लढाईला जाताना नटून जायचं असतं," त्या म्हणाल्या. भाचा पडवीच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता. आणि वांदरसुद्धा आले होते, जसं काही त्यांना कुणी बोलावणं धाडलं होतं. कलमांवर सगळीकडे शेपट्या लोंबत होत्या, आणि त्यांचा हुप्प्या फणसावर, पत्र्याच्या वरच्याच फांदीवर, हात मांडीवर ठेवून बसला होता.

काकींनी नळी मोडली, छर्रा ठेवला, नळी सरळ केली. क्षणभर त्यांनी नाक आक्रसलं, जसा काही वास आला. पण भाचा बघत होता. त्यांनी नेम धरला आणि चाप ओढला.

पुढे जे झालं ते मला नीट क्रमाने सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम झालं. धडाम! असा आवाज त्या बंदुकीने जन्मात केला नव्हता. नळीतून निळसर धुराचा लोट निघाला. भाचा चहासकट पायरीवरून खाली बसला, म्हणजे तो आधीच बसलेला होता, तो आणखी खाली बसला. कोंबड्या कौलांवर. कोंबड्यांना कौलांवर उडता येतं हे मला तेव्हा कळलं. हुप्प्या फणसावरून कलमावर, कलमावरून गडग्यावर, आणि गडग्यावरून असा गेला की मागे वळून बघायचं त्याला सुचलंच नाही. त्याच्या मागे सगळा कबिला, आयांच्या पोटांना पिल्लं चिकटलेली. चार उड्यांत झाडं रिकामी.

आणि मग आम्ही तिघं वाट बघत राहिलो. ठण्ण आलं नाही. पत्रा फांदीवर शांत लोंबत होता.

काकींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी नळी मोडून बघितली, तर आतून अजून धूर निघत होता. त्यांनी ती बंदूक सावकाश पडवीच्या कट्ट्यावर ठेवली, पोर झोपवावं तशी. "गेली गो," एवढंच म्हणाल्या. मग भाच्याकडे वळल्या. "नेम चुकला. पत्र्याला लागला नाय. चल, बॅग काढते."

ज्या बाईला शब्द कमी पडलेले मी कधी बघितले नव्हते, ती तेवढंच बोलून आत निघाली. गजरा मानेवर ओघळला होता.

 भाचा खाली मान घालून शर्टावरचा चहा पुसत होता.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अडली कुठे?"

मी इकडे तिकडे बघितलं. मग कळलं की बोलणारी मीच.

काकी दारात थांबल्या. आता माघार घेण्याची सोय नव्हती, कारण दोघंही माझ्याकडे बघत होते. मी पदर घट्ट धरला आणि म्हणाले, "काकी, तुम्ही म्हणालात, ज्या दिवशी बंदूक अडेल. नेम चुकेल असं नाय म्हणालात. अडली कुठे ती? अडणं म्हणजे खोबरेल घातलेलं तेव्हाचं, फुस्स. ही अडली नाय. ही उलट जास्तच चालली. असा आवाज बंदुकीने केला तर तिला अडली म्हणतात होय? मग ढग गडगडला की ढग अडला म्हणायचं? वांदर गेले की नाय? सगळे गेले! पत्र्यावर मारता तेव्हा पण असे नाय जात. दादा, तुम्हीच सांगा, तुम्ही स्वतः खाली बसलात!"

एवढं लांब मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. संपलं तेव्हा दम लागला होता.

भाच्याने हळूच वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. "आत्या," तो म्हणाला, "एक सांगू? काल तू झोपायला गेल्यावर मी बंदूक बघितली. जुनी झालीय, वाटलं कोरडी पडली असेल. उद्या सगळ्यांसमोर फुस्स झाली तर तुला वाईट वाटेल. म्हणून मीच तेल घातलं."

"कुठलं?"

"ती चोचवाली बाटली होती ना."

"मशीनचं? किती?"

भाचा खाली पडलेला कप उचलायला वाकला.

"किती मेल्या?"

"भोकातून बाहेर येईपर्यंत."

काकींनी कपाळावर हात मारला. पण हात कपाळावर पोचेपर्यंत त्यांना हसू फुटलं होतं. "पेटलं ते आत! हवा दाबली की तापते, आणि तेल असेल तर पेटतं, तरी सांगत होते, जास्त तर धूर, जास्त तर धूर!" त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबून भाच्याला म्हणाल्या, "म्हणजे माझी बंदूक वाजावी असं तुलाच वाटत होतं. न्यायला आलायस आणि राखायला पण तूच!"

"मला काय कळतंय गं," तो म्हणाला, आणि तोही हसायला लागला. मग मीसुद्धा. या वेळी विहिरीवर पळायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

दुपारी आम्ही तिघांनी बंदूक उघडली. आत मशीनचं तेल इतकं होतं की काकी म्हणाल्या, "यात वडे तळून निघतील." सगळं पुसलं, वॉशर कोरडा केला, स्प्रिंगला काळं ग्रीस पुसट लावलं. हीर बुडवला, उभा धरला, थेंब सुटायची वाट बघितली. भाच्याला शिंक आली. मी त्याला विहीर दाखवली.

तो छर्रा कुठे गेला ते कधीच कळलं नाही. काकींच्या मते तो लांज्याच्या स्टँडवर उतरून मुंबईची गाडी बघत असेल.

भाचा एकटाच परत गेला. जाताना त्याने खळ्यातलं शेवाळ स्वतः खरवडून काढलं आणि तिथे जांभ्याच्या चिऱ्यांची पायवाट केली. त्यानंतरच्या शनिवारी काकींनी मारुतीला वाटीभर तेल घातलं. एका थेंबावर जगणारी बाई, वाटीभर. मी बघितलं तेव्हा म्हणाल्या, "याला चालतं. हा पेटत नाय." मग देवळाच्या पायऱ्या उतरताना माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून विचारलं, "खरं सांग गो. त्या दिवशी जिभेला कुठलं वंगण घातलंस?"

मी नुसती हसले. काकींनी अंगठा आणि बोट माझ्या कानाशी आणून चोळलं, कोरडंच, आणि म्हणाल्या, "ऐक. बोलतंय."

काकी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या आणि तिथेच गेल्या, झोपेत, रविवारी, बंदूक जेवल्यावर. भाच्याने घर आणि कलमं माझ्याकडे राखायला दिली आहेत. बंदूकही माझ्याकडेच आहे. दर रविवारी मी तिला तेल लावते, हिराच्या टोकावरून सुटेल तेवढंच, आणि घरात कुणाला शिंकू देत नाही.

वाजवत मात्र नाही फारशी. गरज पडत नाही. वांदर कलमांवर आले की मी पडवीत येते, पदर खोचते आणि ओरडते. पहिल्याच हाकेला सगळे गडग्यापलीकडे. परवा पोस्टमन विचारत होता, "काय गो, नवीन बंदूक घेतलीस?"